भिंतीतलं बिऱ्हाड

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांना लागून असलेल्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यासह सगळ्या इलाख्यात माणसं मेली, गावं ओस पडली. घरात उंदीर पडू लागले की दाराला कुलूप लावायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं, हे लोक अनुभवातून शिकले. उंदीर, पिसू आणि प्लेग यांचं नातं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९०४ मध्ये, लंडनमध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचं ‘द टेल ऑफ टू बॅड माइस’ प्रसिद्ध झालं आणि बाहुलीघरात घुसून नासधूस करणारं एक उंदरांचं जोडपं इंग्रज मुलांचं लाडकं होऊन बसलं.

ज्याच्यासाठी घरोघरी पिंजरे लावले जातात, विष पेरलं जातं, त्याच प्राण्याला मुलांच्या पुस्तकांत मानाचं पान मिळालं आहे. आकाराने लहान म्हणून मुलांना तो जवळचा वाटतो, हे उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते अपुरं आहे. चिमणी लहान आहे, खार लहान आहे, बेडूकही लहान आहे. त्यांच्याही गोष्टी आहेत, पण उंदरांच्या गोष्टींइतका विस्तार त्यांना लाभलेला नाही. उंदराचं वेगळेपण त्याच्या पत्त्यात आहे. तो माणसाच्या घरात राहतो आणि परवानगी न घेता राहतो. घर दुसऱ्याने बांधलेलं, फडताळं दुसऱ्याच्या उंचीची, डब्यांची झाकणं दुसऱ्याच्या हाताच्या जोराने लावलेली, उजेड आणि अंधाराच्या वेळा दुसऱ्याने ठरवलेल्या. चार वर्षांच्या मुलाची स्थिती नेमकी हीच असते. आणि थोडं पुढे गेलं तर निर्वासिताची, भाडेकरूची, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्याची, बहुसंख्यांच्या मर्जीवर जगणाऱ्या अल्पसंख्याची स्थितीही हीच. म्हणून उंदराची गोष्ट कितीही गोड चित्रांनी सजवलेली असली, तरी तिच्या तळाशी एक कठीण प्रश्न असतो: हे घर कोणाचं?

प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नाचा माग काढतं. बालपुस्तकं आणि चित्रकादंबऱ्या यांतल्या उंदरांवर मराठीत एकत्रित असं लेखन या संग्रहाच्या रूपाने वाचकांपुढे येत आहे. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला आधी सगळा मुलूख डोळ्यांखालून घालता यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात कागदाच्या आधीची आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला चुनखडीचा एक तुकडा आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने त्याच्यावर एक उंदरीण ऐटीत बसवली आणि तिच्या सेवेला मांजर उभं केलं. शब्द एकही नाही. तरीही धनी आणि चाकर यांची अदलाबदल पाहणाऱ्याला क्षणात कळते. पुढे या प्रकारात जे जे घडलं, त्यातलं बरंच काही या तुकड्यावर आधीच आहे.

भारतात उंदीर विचार करू लागला. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची गोष्ट सांगतात. लोमश नावाचं मांजर जाळ्यात अडकलेलं, जमिनीवर मुंगूस टपलेलं, झाडावर घुबड. तीन शत्रूंच्या मध्ये सापडलेला पलित अडकलेल्या शत्रूशीच तह करतो, मांजराच्या पोटाखाली जाऊन बसतो, आणि जाळं कुरतडण्याचं वचन पाळतो. पण शेवटचा धागा पारधी अगदी जवळ येईपर्यंत तोडत नाही, म्हणजे सुटलेल्या मांजराला पळण्यापलीकडे काही करायला वेळच उरू नये. संकट टळल्यावर मांजर मैत्रीचा हात पुढे करतं तेव्हा पलित बिळातूनच नकार देतो. गरजेपोटी झालेली मैत्री गरजेबरोबर संपते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दुर्बळाने बलवंताशी व्यवहार कसा करावा, यावर इतकं थंड डोक्याने केलेलं लेखन जगातल्या उंदीरकथांत दुसरं सापडणं कठीण आहे.

पंचतंत्रातला हिरण्यक त्या मानाने प्रेमळ. पारध्याच्या जाळ्यासकट उडत आलेल्या कबुतरांचा राजा चित्रग्रीव त्याला सांगतो, आधी माझ्या माणसांचे पाश तोड, मग माझे. पण हिरण्यकाची स्वतःची कहाणी जास्त धारदार आहे. एका संन्याशाच्या मठात तो खुंटीला उंच टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत उडी मारून अन्न पळवायचा. पाहुणा आलेला दुसरा संन्यासी ताडतो की एवढी उडी रिकाम्या पोटाची नाही, बिळात धनाचा साठा असला पाहिजे. बीळ खणतात, धन काढून घेतात, आणि त्या रात्रीपासून हिरण्यकाला उडीच मारता येत नाही. त्याचे अनुयायीही त्याला सोडून जातात. संपत्ती आणि बळ यांचा संबंध मुलाला समजेल इतक्या सोप्या चित्रात मांडणारी ही गोष्ट आहे. पहलवीतून अरबीत, ‘कलिला व दिम्ना’ या नावाने, हे सगळं पश्चिमेला गेलं. तेराव्या शतकातल्या सचित्र अरबी हस्तलिखितांत कबुतरांचं जाळं कुरतडणारा उंदीर चितारलेला आहे. चित्र आणि गोष्ट हातात हात घालून चालण्याची ही परंपरा छापखान्याहून जुनी आहे.

या भारतीय मुळांचा प्रवास विसाव्या शतकातही थांबलेला नाही, आणि मराठी वाचकाने याची नोंद मुद्दाम घ्यावी. हितोपदेशात एक ऋषी उंदराला मांजर करतो, मग कुत्रा, मग वाघ. तो वाघ ऋषीच्याच जिवावर उठतो तेव्हा त्याला पुन्हा उंदीर व्हावं लागतं. मार्शिया ब्राउन या अमेरिकन चित्रकर्तीने लाकडी ठशांची चित्रं करून १९६१ मध्ये ही गोष्ट ‘वन्स अ माउस’ या नावाने मुलांना दिली. चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं सर्वोच्च कॅल्डेकॉट पदक तिला पुढच्याच वर्षी मिळालं. आंधळे आणि हत्ती हा दृष्टांत बौद्धांच्या उदान ग्रंथात येतो. एड यंग यांनी १९९२ मध्ये त्यातल्या माणसांच्या जागी सात रंगांचे सात उंदीर ठेवले आणि ‘सेव्हन ब्लाइंड माइस’ घडलं. उंदराची मुलगी वर शोधत सूर्य, मेघ, वारा आणि पर्वत यांना नाकारते आणि शेवटी उंदरालाच वरते, ही पंचतंत्रातली गोष्ट. याच वळणाची कथा जपानी मुलंही पिढ्यान्पिढ्या ऐकत आली आहेत. तिथे पर्वताच्या जागी भिंत येते. भिंत वाऱ्याला अडवते, आणि भिंतीला पोखरतो उंदीर.

मराठी घरांत आजीच्या तोंडून आलेला उंदीर मात्र या पंडितांहून वेगळा आहे. त्याला कापडाचा तुकडा सापडतो. धोबी, रंगारी, शिंपी यांच्याकडे खेटे घालून, कधी गयावया करून तर कधी धमकावून, तो टोपी शिवून घेतो आणि ढोलकं वाजवत राजाच्या दरबारासमोर उभा राहतो. राजाने टोपी काढून घेतली तर राजाला भिकारी ठरवायचं, परत दिली तर भित्रा ठरवायचं. राजा दोन्हीकडून हरतो. ही गोष्ट ऐकून मुलं ज्या आनंदाने उसळतात, त्या आनंदाला साहित्यशास्त्रात नाव असो नसो, पण सत्तेची फजिती पाहण्याचा तो पहिला धडा आहे. दुसरी लोकप्रिय गोष्ट सात शेपट्यांच्या उंदराची. शाळेतली मुलं चिडवतात म्हणून तो रोज एक शेपटी कापून घेतो. शेवटी एकही उरत नाही, तरी चिडवणं थांबत नाही. वेगळेपणावरून होणाऱ्या छळाबद्दल आज जगभर रंगीत पुस्तकं निघतात. त्यांतली फार थोडी या गोष्टीच्या जवळपास पोचतात.

छापील बालपुस्तकाचं युग इंग्लंडमध्ये बहरलं. ल्युइस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’मध्ये १८६५ सालीच एका उंदराची कहाणी शेपटीच्या आकारात, नागमोडी ओळींत छापली गेली होती; मजकुराच्या मांडणीलाच चित्र करण्याचा हा खेळ पुढच्या चित्रकादंबऱ्यांचा पूर्वज म्हणता येईल. पण उंदराला खरं घरपण दिलं ते बिअ‍ॅट्रिक्स पॉटरने. ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ तिने आधी १९०१ च्या नाताळात एका लहान मुलीला भेट म्हणून लिहून दिलं होतं. त्यातले उंदीर आजारी शिंप्याचा महापौरासाठीचा कोट रात्रीतून शिवून देतात. फक्त एक काज उरतं, कारण रेशीमदोरा संपलेला असतो. कोटाच्या भरतकामाचे तपशील तिने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातले अठराव्या शतकातले कपडे समोर ठेवून काढले. ‘टू बॅड माइस’मधली हंका मंका ही तिची पाळीव उंदरीण होती, आणि बाहुलीघर तिचे प्रकाशक व पुढे वाग्दत्त वर झालेले नॉर्मन वॉर्न यांनी आपल्या पुतणीसाठी बनवलेलं खरं घर होतं. गोष्टीत ताटातलं झगझगीत जेवण प्लास्टरचं निघतं तेव्हा उंदीर संतापून ते फोडतात. श्रीमंत घरात सगळं आहे, फक्त खाण्याजोगं काही नाही. राजा एडवर्डच्या काळातल्या इंग्लंडमध्ये हे चित्र कोणी निव्वळ गंमत म्हणून पाहिलं असेल, पण आज वाचताना त्यातला वर्गाचा बोचरा अर्थ लपत नाही. पॉटरची रेषा निसर्गशास्त्रज्ञाची आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. तिचे उंदीर कपडे घालतात, तरी त्यांचे पंजे, कान, पाठीचा बाक उंदराचाच राहतो.

अमेरिकेत हा भाडेकरू शहरात आला. ई. बी. व्हाइट यांचा ‘स्टुअर्ट लिटल’ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या एका सामान्य मानवी कुटुंबात उंदरासारखा दिसणारा मुलगा जन्मतो आणि पुस्तक त्याबद्दल एक शब्दही खुलासा करत नाही. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, बालसाहित्यात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई अशा अ‍ॅन कॅरल मूर यांनी हे पुस्तक छापू नये म्हणून प्रयत्न केले. पुस्तक छापलं गेलं आणि टिकलं. त्याची चित्रं गार्थ विल्यम्स यांची. पुढे मार्जरी शार्प यांच्या ‘द रेस्क्यूअर्स’ची चित्रंही त्यांनीच काढली. कागदावरच्या उंदराचा मऊ केसाळ पोत आणि गंभीर डोळे अमेरिकन मुलांच्या मनात ठसले, त्यात या एका चित्रकाराचा वाटा मोठा आहे.

ईव्ह टायटस यांचा ‘अनातोल’ १९५६ चा. पॅरिसचा हा कुटुंबवत्सल उंदीर सायकलवरून माणसांच्या घरी उष्टंखरकटं गोळा करायला जातो, आणि एके रात्री माणसं उंदरांना फ्रान्सचा कलंक म्हणताना ऐकतो. त्याचा स्वाभिमान दुखावतो. मग तो रात्री चीजच्या कारखान्यात शिरून प्रत्येक चीज चाखतो आणि त्यावर अभिप्रायाच्या चिठ्ठ्या खोचून येतो. कारखाना भरभराटीला येतो. अनातोल खातो ते आता चोरीचं राहत नाही, कमाईचं होतं. रॉबर्ट सी. ओब्रायन यांनी १९७१ मध्ये ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम’मध्ये हाच प्रश्न फार खोल नेला. निम म्हणजे अमेरिकेतली मानसिक आरोग्याची खरी सरकारी संशोधनसंस्था. तिथल्या प्रयोगातून पळालेले, वाचता येणारे उंदीर माणसाची वीज चोरून आरामात राहतात, आणि त्यातल्या काहींना त्या आरामाची लाज वाटते. चोरी सोडून स्वतः शेती करायची, की आयतं खात राहायचं, यावर त्यांच्यात फूट पडते. आजारी पिलाला घेऊन नांगरणीआधी घर हलवायच्या विवंचनेत असलेली विधवा उंदरीण या सगळ्याची साक्षीदार. त्या वर्षीच्या बालसाहित्यात याहून प्रौढ विचार मुलांसमोर ठेवलेला क्वचितच आढळेल. बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक त्याला मिळालं ते योग्यच होतं.

पलिताची युक्ती मात्र कधीच लोपली नाही. विल्यम स्टाइग यांच्या ‘डॉक्टर डी सोटो’त (१९८२) उंदीर दंतवैद्य आहे. मांजरांवर उपचार केले जाणार नाहीत अशी पाटी त्याने दारावर लावली आहे, तरी दातदुखीने रडणाऱ्या कोल्ह्याला तो आणि त्याची बायको आत घेतात. वैद्याचा धर्म पाळायचा आणि जीवही वाचवायचा. उपाय म्हणून ते शेवटी कोल्ह्याचे दात एका गुप्त औषधाने काही काळ चिकटवूनच टाकतात. ज्युलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांच्या ‘द ग्रफलो’मधला (१९९९) उंदीर एका बलवंताचं भय दाखवून दुसऱ्याला पळवतो. ही कल्पना लेखिकेने वाघाच्या धाकाचा वापर करणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी गोष्टीवरून घेतली.

लिओ लिओनींचा ‘फ्रेडरिक’ (१९६७) या सगळ्यांपासून फटकून बसलेला आहे. बाकीचे उंदीर हिवाळ्यासाठी दाणे साठवतात, हा ऊन, रंग आणि शब्द साठवतो. हिवाळ्यात दाणे संपल्यावर त्याचे शब्दच सगळ्यांना ऊब देतात. फ्रेडरिक आळशी नाही का, असा आक्षेप आजही घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी चित्रं पुन्हा पाहावीत. कागद फाडून, चिकटवून केलेल्या त्या चित्रांत इतर उंदीर त्याच्याकडे संशयाने नाही, कुतूहलाने पाहतात. समाजाने कवीला आधीच वाटा दिलेला आहे. कवी फक्त तो फेडतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेले, ज्यू वडिलांचे पुत्र असलेले लिओनी १९३९ मध्ये फॅसिस्ट इटलीतून अमेरिकेला गेले होते. कलावंताला समाजात जागा असावी, हा त्यांच्यासाठी बालवाडीतला बोधपाठ नव्हता.

जपानमध्ये वातावरण निवळतं. नर्सरीत शिकवणाऱ्या रिएको नाकागावा आणि त्यांची चित्रकार बहीण युरिको यामावाकी यांचे गुरी आणि गुरा १९६३ मध्ये अवतरले. या दोन रानउंदरांना एक मोठं अंडं सापडतं, त्याचा ते कास्तेरा केक भाजतात आणि वासाने आलेल्या सगळ्या प्राण्यांना वाटून खातात. शत्रू कोणी नाहीच. काझुओ इवामुरा यांच्या चौदा उंदरांच्या कुटुंबाची पुस्तकं १९८३ पासून निघाली. प्रत्येक पानावर चौदा जण चौदा वेगवेगळी कामं करताना शोधायचे, यातच लहान वाचक रमतो. नाकागावा आणि इवामुरा दोघंही २०२४ मध्ये गेले.

कॉमिक्समधला उंदीर या घरगुती उबेत वाढला नाही. जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’मध्ये, १९१३ पासून १९४४ पर्यंत, इग्नाट्झ नावाचा उंदीर मांजराच्या डोक्यात वीट हाणत राहिला आणि मांजर त्यालाच प्रेम समजत राहिलं. मिकी माउस १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’तून पडद्यावर आला आणि १९३० मध्ये वृत्तपत्रांच्या चित्रपट्टीत; फ्लॉइड गॉटफ्रेडसन यांनी ती चित्रपट्टी १९७५ पर्यंत सांभाळली. सुरुवातीचा मिकी खोडकर, धाडसी, अर्धपोटी असा होता. पुढे तो एका प्रचंड उद्योगाचं बोधचिन्ह झाला आणि त्याच्यातला उंदीर हळूहळू संपला.

पण १९४२ मध्ये एका माणसाने तो उंदीर परत मिळवला. फ्रान्समधल्या गुर्स छावणीत डांबलेल्या होर्स्ट रोझेनथाल या तरुण ज्यू निर्वासिताने एक छोटी चित्रपुस्तिका काढली. तिच्यात मिकीला पकडून छावणीत टाकतात, कागदपत्रं मागतात, तुटपुंजं अन्न देतात. वॉल्ट डिस्ने यांच्या परवानगीशिवाय प्रकाशित, अशी टीप त्याने मुखपृष्ठावर लिहिली. त्याच वर्षी रोझेनथालला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आलं. ही पुस्तिका वाचल्यावर उंदीर हे पात्र पुन्हा पूर्वीसारखं दिसत नाही.

आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ इथून समजून घ्यावं लागतं. १९७२ मध्ये तीन पानी चित्रकथा, १९८० पासून ‘रॉ’ नियतकालिकात क्रमशः, १९८६ आणि १९९१ मध्ये दोन खंड, १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान. वडील व्लादेक यांनी सांगितलेल्या पोलंडमधल्या आणि ऑशविट्झमधल्या आठवणी, आणि त्या ऐकणाऱ्या मुलाची घुसमट. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, अमेरिकन कुत्रे. ही योजना स्पीगलमन यांनी शून्यातून काढली नव्हती. नाझी प्रचाराने ज्यूंना आधीच उंदीर ठरवलं होतं; १९४० च्या ‘देर एविगं यूडं’ या प्रचारपटात उंदरांच्या झुंडी दाखवून तेच ठसवलं गेलं, आणि छावण्यांत वापरलेला झिक्लॉन बी हा वायू मुळात कीडनाशक होता. शत्रूने दिलेली शिवीच स्पीगलमन यांनी चेहऱ्यावर चढवली.

मोठेपण यात आहे की पुस्तक स्वतःचं रूपक स्वतःच फाडत जातं. तळघरात लपलेली व्लादेकची बायको आन्या खऱ्या उंदरांना घाबरते आणि व्लादेक तिला धीर देतो. उंदीर म्हणून रेखाटलेली दोन माणसं उंदरांना भिताना दिसतात, तेव्हा वाचकाला थांबावंच लागतं. दुसऱ्या खंडात चित्रकार स्वतः मेजाशी बसलेला आहे, माणसाच्या डोक्याला दोरीने बांधलेला उंदराचा मुखवटा घालून. पोलिश लोकांना डुकरं दाखवण्यावर तीव्र आक्षेप आले. पोलंडमध्ये पुस्तकाची जाळपोळ झाली, आणि पोलिश आवृत्ती २००१ मध्येच निघू शकली. माणसांच्या जाती प्राण्यांच्या जातींत वाटून देण्याचा धोका या आक्षेपांतून दिसतो आणि तो खरा आहे. या संग्रहाने तो झाकलेला नाही.

तोच धोका साहसकथांत जास्त असतो, आणि तिथे त्याची चर्चा कमी होते. ब्रायन जॅक्स लिव्हरपूलमध्ये अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवत, तिथल्या मुलांना वाचून दाखवत. त्यांच्यासाठी लिहिलेल्या ‘रेडवॉल’मध्ये (१९८६) जेवणाच्या पंगतींची वर्णनं इतकी रसरशीत आहेत ती त्यामुळेच. मालिका बावीस पुस्तकांची झाली. पण तिच्यात छोटे उंदीर जवळपास जन्मतःच सज्जन आणि मोठे उंदीर, वीझलसारखे प्राणी जन्मतःच दुष्ट. सुंदर पुस्तकातला हा दोष मुलांबरोबर बोलण्यासारखा आहे. डेव्हिड पीटरसन यांची ‘माउस गार्ड’ ही चित्रकादंबरी २००६ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिला कॉमिक्ससाठीचे दोन आयझनर पुरस्कार मिळाले. चौकोनी आकाराची ही पुस्तकं पाहताना प्रमाणाचं भान म्हणजे काय ते कळतं. इथे माणूस नाहीच. साप, खेकडे, घुबड, बर्फ यांच्या जगात तळहाताएवढे सैनिक आपली गावं राखतात, आणि सापाचा डोळा चौकट व्यापतो तेव्हा मागच्या पानावरच्या शूर बाता वाचकालाही आठवेनाशा होतात. टॉर्बन कुलमान यांच्या ‘लिंडबर्ग’मध्ये (२०१४) सापळ्यांनी भरलेल्या हॅम्बुर्गमधून एक उंदीर स्वतः विमान बनवून अमेरिकेला उडतो. यंत्र फसतं, सुधारतं, पुन्हा फसतं. कारागिरीचा इतका आदर करणारी चित्रपुस्तकं कमी असतात. जेनिफर आणि मॅथ्यू होम या भावंडांची ‘बेबीमाउस’ (२००५ पासून) शाळेतल्या मुलीच्या रोजच्या लाजिरवाण्या प्रसंगांना काळ्या-गुलाबी रंगांत आणते. पहिल्यांदाच स्वतःहून पुस्तक उचलणाऱ्या मुलांना अशा पुस्तकांनी वाचक केलं.

आजच हे सगळं का वाचायचं, याला ठोस कारणं आहेत. २०१५ मध्ये रशियातल्या दुकानांनी मुखपृष्ठावरच्या स्वस्तिकामुळे ‘माउस’ फडताळांवरून काढलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने काही शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन आठवीच्या अभ्यासक्रमातून ते वगळलं. लोकांना कीड म्हणण्याची भाषा सार्वजनिक व्यासपीठांवर सर्रास ऐकू येते, आणि ती मुलांच्याही कानांवर पडते. त्याच वेळी मराठीत मुलांसाठी चित्रं काढणाऱ्यांची नवी पिढी उभी राहते आहे. मुंबईतून १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्रकथेने पंचतंत्र-हितोपदेशाचे प्राणी घरोघरी नेले, पण स्वतंत्र मराठी चित्रकादंबरीचं दालन अजून विरळच आहे. टोपीवाला उंदीर, पलित, हिरण्यक हे सगळे अजून आपल्या चित्रकाराची वाट पाहत आहेत. परक्या चित्रकारांनी आपल्या गोष्टींचं सोनं केलं हे कौतुकाने सांगताना थोडं दुखायलाही हवं.

या पुस्तकाने निवड करताना एक पक्की भूमिका घेतली आहे. चित्र हे मजकुराच्या सजावटीचं काम करतं असं न मानता, पानाची रचना, चौकटींचा आकार, पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर आहे, या गोष्टी इथे कथानकाइतक्याच बारकाईने वाचल्या आहेत. मांजराची नजर आणि उंदराची नजर यांतला फरक बहुतेक वेळा शब्दांत नसतो, तो कोनात असतो. पडद्यावरचे उंदीर, म्हणजे टॉम अँड जेरी आणि मंडळी, मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. चित्र हलू लागलं की वाचण्याची गती वाचकाच्या हातात राहत नाही, आणि या संग्रहाचा विषय तर पान उलटणारा हात हाच आहे. लोककथा आणि ‘माउस’ एकाच बांधणीत आणण्यावर मतभेद होतील. ते व्हावेत. पलिताच्या बिळातला संशय आणि आन्याच्या तळघरातलं भय यांच्यात दोन हजार वर्षांचं अंतर असलं, तरी लपून बसलेल्याला बाहेरचं जग कसं दिसतं, हे दोन्ही ठिकाणी तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं आहे.

आई-वडील, शिक्षक, ग्रंथपाल आणि चित्रकार हे या पुस्तकाचे वाचक गृहीत धरले आहेत. वयाचा निर्देश प्रत्येक पुस्तकाशी दिला आहे, पण तो कायदा नव्हे. ‘फ्रेडरिक’ चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचता येतं; ‘मिसेस फ्रिस्बी’ दहाव्या-अकराव्या वर्षी स्वतः वाचायला द्यावं. ‘माउस’वरचा विभाग शेवटी आहे. तो आणि मूळ पुस्तकाचे दोन्ही खंड मोठ्यांनी आधी पूर्ण वाचावेत, आणि मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबरोबर पुन्हा वाचायला बसावं. स्पीगलमन यांच्या पत्नी आणि ‘रॉ’च्या सहसंपादक फ्रांस्वाज मूली यांनी २००८ मध्ये अगदी लहान वाचकांसाठी टून बुक्स ही कॉमिक्सची प्रकाशनसंस्था काढली. तिथून पुढच्याच वर्षी जेफ स्मिथ यांचं ‘लिटल माउस गेट्स रेडी’ आलं. त्यातला उंदीर एकेक कपडा घालायला शिकतो, बटणं लावताना झगडतो. ज्यांच्या घरी नुकतंच वाचायला शिकणारं मूल आहे, त्यांनी सुरुवात तिथून करावी.